माल कापायच्या आधी एवढं वाच

चि. ऋतुजा,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाही म्हणून लिहून राहिलो. बोलून टाइप कसं करायचं ते तूच शिकवलं होतं, पण बोलायला गेलो की माझा आवाज चढतो आणि मग तुझी आई आतून येऊन बघते, म्हणून बोटानेच टाइप करतोय. चुका सांभाळून घे.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तू पहाटेच निघाली, भुसावळपर्यंत सोडायला पण कोणाला उठवलं नाही, आईने बांधून ठेवलेले बिबडे ओट्यावरच राहिले. नोकरी सोडली म्हणून बाबा चिडले असं तू धरून बसली आहे. तसं नाही माय. हिंजवडीला नोकरी आहे असं चारचौघात सांगायला बरं वाटायचं, हे खरं आहे, पण आयटीचं आजकाल काय चाललंय ते मी पण वाचतो, एआय आलं म्हणून कालचा मॅनेजर आज घरी बसून राहिला, मग तुला केळी घेऊन विकायची स्वतःची कंपनी उभी करावी वाटली तर मी का अडवू? मला लागलं ते तू दाखवलेल्या त्या एका स्लाईडचं.

ती बाण असलेली. एका बाजूला दिल्लीचे व्यापारी आणि मॉलवाले, त्यांच्याकडून पैसे येणार ७ दिवसांत. दुसऱ्या बाजूला टोपीवाला शेतकरी, त्याला पैसे जाणार २१ दिवसांत. आणि मधल्या १४ दिवसांवर हिरव्या अक्षरात वर्किंग कॅपिटल. तू किती आनंदाने सांगत होती, बाबा याच्यामुळे सुरुवातीला बँकेकडे जायचीच गरज नाही. विकास सोसायटीत सचिवकी करण्यात माझं आयुष्य गेलं, मला ती स्लाईड समजायला वेळ लागला नाही. ते १४ दिवसांचं भांडवल तुझं पण नाही आणि इन्व्हेस्टरचं पण नाही. ते बापूकाकांच्या नवतीचं, नव्या लावणीच्या बागेचं आहे, मोठ्या आईच्या पिलबागेचं, खोडव्याचं आहे.

पैशाचं फार लिहू नका अशी आईने ताकीद दिली आहे, म्हणून दुसरं लिहितो.

तू बागेत गेली होती ना त्या सकाळी, मी मागून आलो होतो, तुला माहीत नाही. घडापुढे फोन धरून त्या कटाईच्या पोरांना दाखवत होती की फोटोवरून फण्या मोजल्या जातात, डाग ओळखला जातो, सीएमव्ही रोगाची शंका असेल तर लाल दिसतं. आधी पोरं नुसती बघत होती, मग एकाने स्वतःहून पिवळ्या पट्ट्यांचं पान आणून दिलं, याचा काढ म्हणे. तू त्याला ताई सारखं नाही, सोबत काम करणाऱ्यासारखं बोलली, मजुरी किती मिळते, वाहन उशिरा लागलं तर खाडा कोण देतं हे सगळं विचारलं. आपल्या भागात पोरगी व्यापाराला उभी राहिली तर लोक कसे बघतात ते मी आयुष्यभर पाहिलं. त्या दिवशी कोणी तसं बघितलं नाही. संध्याकाळी पारावर दोघा-तिघांनी मला विचारलं, तुमची ऋतुजा कधीपासून माल घेणार. छाती भरून आली, खरंच सांगतो.

आणि त्याच रात्री झोप लागली नाही. कारण ते विचारत होते ते तुझ्या ॲपबद्दल नव्हतं. आप्पांची नात माल घेणार आहे असं ते बोलत होते.

खळ्याजवळचं शेत आपल्याकडे का नाही हे तू लहानपणी विचारायची आणि आजी विषय बदलायची. आता तू मोठी आहे आणि याच धंद्यात उतरून राहिली तर तुला पूर्ण माहीत पाहिजे. तेव्हा एक व्यापारी होता, नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं आज आपल्यात उठतात-बसतात, त्यांचा काय दोष. पहिले काही हंगाम पैसे एकदम चोख. सावद्याहून, रावेरहून, निंभोऱ्याहून केळीच्या वॅगनी दिल्लीला जायच्या, त्याचा माल त्यात असायचा, माणूस गोड बोलायचा. मग एका वर्षी म्हणाला, दिल्लीचं पेमेंट अडकलंय, हा माल भरा, दोन्हीचं सोबत देतो. आप्पांनी भरला. आप्पांनी भरला म्हणून आळीतल्यांनी भरला. मग एके दिवशी ऑफिसला कुलूप. ती काटा पावती अजून आहे, पितळी डब्यात, मी काल परत काढून बघितली. निळ्या शाईत घडांचं वजन, त्यातून दांड्याचं वजन वजा, पुढे भाव, आणि खाली बाकी म्हणून रक्कम लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या आहेत, हिशोब पूर्ण झाल्यावर मारतात तशा. आपले गेले ते गेले. पण ज्यांनी आप्पांकडे बघून माल दिला होता त्यांना आप्पांनी सांगितलं, माझ्याकडून घ्या. कोणी मागायला आलं नव्हतं. शेत त्यात गेलं. मी तेव्हा फैजपूरला कॉलेजला होतो, आप्पा मला यातलं एक अक्षर बोलले नाहीत, विजूमामाकडून कळलं.

तू तसं करशील असं मी म्हणत नाही. एवढं वाचून फोन आपटू नको. तो माणूस पण सुरुवातीला बुडवायला निघाला नसेल, हेच मला सांगायचं आहे. त्याचं पण पुढचं पेमेंट अडकलं असेल.

तू म्हणाली सगळे असंच करतात, इंडस्ट्रीच अशी चालते. माहीत आहे. पण ती तशी का चालते ते बघ. केळी थांबत नाही. घड तयार झाला की कापावाच लागतो, मेमध्ये ऊन असं की पानं करपतात आणि जूनच्या तोंडाला वारं आलं की अख्खी बाग एका रात्रीत आडवी, त्यामुळे शेतकरी हातघाईवर येतो आणि समोरचा म्हणेल तेव्हा पैसे घेतो. वारं, थंडी, उष्णता याला पीक विमा तरी आहे. बुडालेल्या पेमेंटला कुठला विमा? उसाला १९६६ चा आदेश आहे, १४ दिवसांत पैसे द्यायचे. कारखाने पाळतात की नाही ते वेगळं, पण शेतकऱ्याच्या हातात भांडायला कागद तरी असतो. शेअर बाजारात जानेवारी २०२३ पासून आज विकलं की दुसऱ्या दिवशी व्यवहार पूर्ण. २०२० चे ते तीन कायदे आठव, ज्यांच्यावरून लोक दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसले आणि शेवटी सरकारने मागे घेतले, त्यांच्यातल्या एकात पण लिहिलं होतं की त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या ३ दिवसांत पैसे. आपल्याकडे २०१६ ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, बांधावरचा व्यवहार आणखी मोकळा झाला, चांगलंच झालं, पण पैसे कधी देणार हे विचारणारं कोणी राहिलं नाही. आणि ज्या फोनवरून तू घडाची प्रत ठरवणार त्याच फोनवरून पैसे पण त्याच क्षणी जाऊ शकतात ना? आपल्या गावात चहावाल्याला दहा रुपये स्कॅन करून जातात. टेक्नॉलॉजी माल मोजायला पुढे आणि पैसे द्यायला मागे, हे मला पटत नाही.

बघ, परत तिथेच आलो. लेक्चर झालं, माफ कर. तुझी आई म्हणते तुम्ही मीटिंगमधले ठराव वाचल्यासारखे बोलता, पोरगी पळणारच.

प्रत ठरवण्यावरून आठवलं ते सांगतो, हे पैशाचं नाही. म्हणजे शेवटी पैशाचंच आहे. व्यापारी बागेत येतो आणि बरा माल वापसी, म्हणजे हलक्या प्रतीचा, म्हणून लावतो, शेतकरी वाद घालतो, दोन शिव्या होतात, शेवटी मधला भाव निघतो. तुझा फोन वापसी म्हणाला तर बापूकाकांनी कोणाशी वाद घालायचा? ते म्हणतील मशीन म्हणतंय म्हणजे बरोबर असेल. म्हणून त्यात काहीतरी सोय ठेव, माणसाने येऊन परत बघायची, आणि कशामुळे वापसी लावलं ते मराठीत स्क्रीनवर दिसलं पाहिजे. बऱ्हाणपूरच्या लिलावाचा त्या दिवसाचा भाव पण शेजारीच दाखव, लोक तसाही तोच बघून बोलतात.

अमळनेरचं उदाहरण तू जोरात फेकलं, तुपाच्या कारखान्यातून विप्रो झाली म्हणून. शकूआत्याचं सासर तिथलं, आम्ही ते ऐकतच मोठे झालो. १९४५ ला कंपनी निघाली वनस्पती तुपाची, मग साबण. १९६६ ला वडील वारले म्हणून अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण मध्येच सोडून आले, वय २१. कॉम्प्युटरकडे वळले ते १९८० च्या आसपास. म्हणजे पस्तीसेक वर्षं तूप-साबण विकूनच कंपनी उभी होती. ज्यांनी शेअर विकले नाहीत अशी अमळनेरमधली साधी घरं पुढे करोडपती झाली, ते पण खरं आहे. पण त्यांच्याकडे थांबायला वेळ होता. तू म्हणते अठरा महिन्यांत इन्व्हेस्टरकडून पैसे घ्यायचा पुढचा राउंड झाला पाहिजे. नाही झाला तर? तेव्हा दिल्लीहून येणारे पैसे उशिरा आले तर कोणाचं थांबवणार, तुझ्या टीमचा पगार की बाणाच्या त्या टोकाचा माणूस? मला उत्तर नको देऊ, तुझ्या दोघा पार्टनरना विचार. ते हुशार पोरं आहेत, मी भेटलो व्हिडिओ कॉलवर. पण कंपनी बंद पडली तर ते महिन्याभरात दुसरीकडे नोकरीला लागतील. प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे तुझी जबाबदारी पण शेअरपुरती, कायद्याने. गावात तसं कोणी धरणार नाही. लोक माझ्याकडे येणार नाहीत, आप्पांकडे आले नव्हते तसेच, आणि मला खळ्याजवळच्या शेताचं आठवत राहील. आता विकायला एवढं शेत पण नाही.

या गावाला तुझ्यासारखं कोणीतरी यायची किती गरज आहे हे पण मला कळतं. तिशी ओलांडलेली पोरं घरोघर बसली आहेत, शेती करतो म्हटलं की मुलगी कोणी देत नाही, त्यातली काही मोबाईलवर सट्टा लावतात, काही पुण्यात डिलिव्हरी करतात. तांदलवाडीची केळी २०२१ ला दुबईला गेली तेव्हा हीच पोरं स्टेटस ठेवत होती. माल बॉक्समध्ये गेला, पैसे वेळेवर बँकेत आले, तर त्याच स्टेटमेंटवर एखाद्याचं लग्न जमेल, एखाद्याचं पीककर्ज वेळेत भरून व्याजाची सवलत टिकेल. सचिव असताना किती चांगले शेतकरी फक्त तारीख चुकल्यामुळे थकबाकीत गेलेले पाहिले. माल विकलेला असायचा. पैसे यायचे बाकी असायचे.

म्हणून मी असं ठरवलंय, तुला पटलं तर. पहिला माल आपल्या बागेचा घे. पैसे मला पण त्याच दिवशी दे, बाप म्हणून सोडू नको, काटा झाला की वाहन हलायच्या आधी. मग बापूकाकांचा. आठवड्याला एकच वाहन भरलं तरी चालेल. बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या खेळत्या पैशाचं कर्ज, काढ, कागदपत्रांना मी बसतो, ते काम मला येतं. व्याज लागेल, लागू दे, ते भावात धर आणि लोकांना उघड सांग की तुमचे पैसे लगेच हवे असतील तर क्विंटलमागे एवढं कमी बसेल. लोक घेतील. उधारीचा जास्त भाव ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेत. तुझे इन्व्हेस्टर म्हणतील वाढ हळू होते. होऊ दे.

तब्येत सांभाळ, तिकडे मेसचं जेवण बंद केलं का? आईने बिबडे आणि कळण्याचं पीठ दीपककडे दिलंय, तो गुरुवारी पुण्याला निघतो, त्याला लोकेशन पाठव. आजीचा गुडघा बरा आहे, ती तुझ्यावर रागावलेली नाही.

पुढच्या आठवड्यात पारावर लोकांना बोलवतो असं मी तुला आखाजीच्या आधी कबूल केलं होतं. बोलवतो, शब्द फिरवणार नाही. फक्त त्या २१ दिवसांचं तुम्ही तिघांनी काय ठरवलं ते आधी कळव, मग मी कोणाला फोन लावायचा ते बघतो.

तुझा,
बाबा