फायलींबरोबर कचेरीची बोलीही जायला नको

संपादक महाशय,

सरकारी कचेऱ्यांत ई-ऑफिस आले, नस्ती म्हणजे फाईल पडद्यावरून पुढे सरकू लागली, हे चांगलेच झाले. पण कागदी फायलींवर पोसलेली एक मिश्कील बोली आता विरत चालली आहे. ‘फायलीवर वजन ठेवा’ ही कोटी जमली ती पंख्याखाली फडफडणाऱ्या कागदांवर खरोखरच काचेचे वजन असायचे म्हणून. ‘प्रकरण बासनात गेले’ म्हणताना दप्तर बांधायचे फडके डोळ्यांसमोर यायचे. ते कधी न पाहिलेल्या नव्या लिपिकाला त्यातली गंमत कळणार कशी? ‘फायलीला पाय फुटले’ची गतही तीच. ‘पाट्या टाकणे’ मात्र टिकेल. ते बांधकामावरच्या हमालीतून आले आणि आता आयटी कंपन्यांतही सर्रास ऐकू येते.

राज्य सरकारचे भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषेचे मोठे काम करत आहे. त्याने या तोंडी बोलीचाही संग्रह हाती घ्यावा. नुसती शब्द-अर्थ यादी करून मात्र भागणार नाही. लिपिक अभ्यागताला ‘वजन’ म्हणतो तेव्हा पैसे सुचवतो. दोन लिपिक आपसात ‘त्याचं वजन आहे’ म्हणतात तेव्हा वशिल्याबद्दल बोलत असतात. म्हणून दर शब्दाला एक कार्ड करावे. त्यावर पूर्ण वाक्य, कोण कुणाला म्हणाले, खाते, तालुका, साधारण काळ आणि शब्दामागची मूळ वस्तू लिहावी. ‘टाकतोय’चे ‘टाकत आहे’ करू नये, त्याने ठसकाच जातो. माणसांची नावे नोंदवू नयेत. जातीवरून किंवा व्यंगावरून पडलेली टोपणनावे वगळावीत. त्यांत विनोद नाही, छळ आहे.

विचारण्याची पद्धतही महत्त्वाची. ‘तुमचे गमतीदार शब्द सांगा’ म्हटले की माणसे गप्प होतात, नाहीतर सिनेमातले शब्द सांगतात. त्यापेक्षा ‘फाईल सापडली नाही की काय म्हणायचात?’, ‘साहेब न सांगता गेले की?’, ‘एका टेबलाने दुसऱ्याकडे ढकलले की?’ असे प्रसंग पुढे ठेवावेत. शेवटच्या प्रश्नावर ‘खो दिला’ हमखास येईल, आणि त्यामागोमाग कोशात नसलेले चार शब्द.

सुरुवात तहसील कचेऱ्यांचे अभिलेख कक्ष आणि आवक-जावक टेबलांपासून करावी. तिथले जुने कर्मचारी आणि शिपाई निवृत्त होण्याआधी हे काम व्हायला हवे.

– एक वाचक, सातारा