शिळा पाव आधी वाळवा, मग भिजवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रात्री भिजवून सकाळी बेक करायचा पाव-अंड्याचा प्रकार छापलात, हे बरं झालं. शिळ्या पावाचं आपल्याकडे फोडणीचा पाव सोडून फारसं काही होत नाही. अमेरिकेत या प्रकाराला स्ट्राटा म्हणतात. थरावर थर, म्हणून ते नाव. पण तुमच्या कृतीतलं 'आठ-दहा स्लाइस' आणि 'भिजेल इतकं दूध' हे माप फसवं आहे. इथे अंदाज चालत नाही, वजन लागतं.

चौघांसाठी पाव 250 ग्रॅम (400 ग्रॅमच्या ब्रेडचा निम्म्याहून थोडा जास्त भाग), अंडी 5, थंड दूध 450 मिली, किसलेलं चीज 100 ग्रॅम. प्रोसेस्ड चीज आधीच खारट असतं, तेव्हा मीठ अर्धा चहाचा चमचा पुरे. मिरपूड, हिरवी मिरची, कोथिंबीर आवडीप्रमाणे. भांडं 8 इंची चौकोनी.

कृतीत मुख्य गोष्टच राहिली आहे. शिळा पाव म्हणजे वाळलेला पाव नव्हे. दुसऱ्या दिवशी लादीपाव कडक लागतो तो त्यातला स्टार्च घट्ट झाल्यामुळे. पाणी बरंचसं आतच असतं. म्हणूनच तव्यावर गरम केला की तो पुन्हा मऊ होतो. असा पाव दूध नीट ओढत नाही. मिश्रण तळाशी साचतं, आणि सकाळी खाली ऑम्लेट, वर कोरडा पाव असा प्रकार पानात येतो. त्यासाठी पावाचे इंचभराचे तुकडे करून ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) 120 अंशांवर 12 ते 15 मिनिटं वाळवावेत. तुकडा बोटांत दाबल्यावर कडेचा चुरा पडावा, रंग मात्र बदलू नये. पंख्याखाली रात्रभर वाळवणं उन्हाळ्यात जमतं. पावसाळ्यात तो उलट सादळतो.

टोमॅटो, मशरूम, पालक, कांदा कच्चे घालायचे नाहीत. पाणी आटेपर्यंत परतून, पूर्ण गार करून घालावेत, नाहीतर मधला भाग कितीही भाजला तरी ओलाच राहतो. निम्मा पाव, भाजी, निम्मं चीज, उरलेला पाव, उरलेलं चीज, वरून घोटलेलं अंडं-दूध असे थर लावा. उलथन्याने हलकेच दाबून झाका आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर मुरवत ठेवणं धोक्याचं. रात्री वीज बराच वेळ गेली आणि भांड्याचा गारवा उतरला असेल, तर हळहळ न करता टाकून द्यावं.

काचेचं भांडं फ्रीजमधून थेट तापलेल्या ओटीजीत गेलं तर तडकू शकतं. अर्धा तास आधी बाहेर काढा किंवा ॲल्युमिनियमचं भांडं वापरा. 175 अंशांवर, दोन्ही कॉइल चालू ठेवून, खालच्या खाचेत, पहिली 30 मिनिटं फॉइल झाकून आणि पुढची 15 ते 20 मिनिटं उघडं भाजा. छोट्या ओटीजीत वरची कॉइल इतकी जवळ असते की फॉइल नसेल तर चीज करपतं आणि पोट कच्चं राहतं. मधोमध सुरी घातल्यावर पांढरं दूध वर येऊ नये. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 71 अंश हवेत. त्याच्या फार पुढे गेलात की अंडं फाटतं आणि कडेने पाणी सुटतं. बाहेर काढून 10 मिनिटं थांबल्याशिवाय वड्या सुबक पडत नाहीत.

गोव्याची पोळी (पोई नावाचा पाव) घेतली तर कोंड्यामुळे दूध 50 मिली जास्त लागतं. चवीला मात्र ती लादीपावाहून सरस.

एक इशारा छापायलाच हवा होता. बुरशीचा ठिपका दिसलेला पाव तेवढाच भाग कापून वापरू नये. मऊ पावात तिचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. दमट हवेत पावाला आतून चिकट तार सुटते आणि पिकलेल्या अननसासारखा गोडसर वास येतो, तोही पाव बाद. ती तार काढणाऱ्या जिवाणूचे बीजाणू भट्टीतही मरत नाहीत, तेव्हा पुन्हा भाजून तो पाव सुधारत नाही.

पुढच्या वेळी कृतीसोबत भांड्याचा आकारही छापावा. हेच मिश्रण खोल पातेल्यात ओतलं तर वरची वेळ अजिबात पुरणार नाही.

– एक वाचक, डोंबिवली