परिचयपत्रात अबोल्याचा रकाना नसतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘आईवडिलांचा घटस्फोट झालेल्या घरातलं स्थळ शक्यतो टाळावं’ असा सल्ला देणारं एका वाचकाचं पत्र आपल्या पानावर वाचलं. इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींना हा सल्ला काही नवा नाही. वधू-वर मेळाव्यात ‘आईवडील वेगळे राहतात’ म्हटलं की समोरच्या काकू हसत हसत परिचयपत्र गठ्ठ्याच्या तळाशी सरकवतात. माझं कधी तळाशी गेलं नाही. माझे आई-बाबा एकत्रच राहतात, रामबागेतल्या त्याच घरात. गेली २२ वर्षं एकमेकांशी एक शब्द न बोलता.

“बाबांना सांग, पान वाढलंय.” “आईला विचार, विजेचं बिल कुठे ठेवलंय.” चौथीत असल्यापासून निरोप पोचवायचं काम माझ्याकडे. अबोला कशावरून धरला, ते मला आजही नीट ठाऊक नाही. बहुधा आजीच्या पाटल्यांवरून. शेजारीपाजारी मात्र म्हणायचे, किती शांत घर आहे!

लग्न ठरल्यावर एकदा सराफ्यातल्या खाऊगल्लीत आमचा घराच्या कर्जावरून चांगलाच वाद झाला. मी तोंड मिटून घेतलं. वाटलं, झालं, आता किती वर्षं कोण जाणे. दहा मिनिटांनी हा म्हणतो, “गराडू घ्यायचे का?” मी तिथेच रडायला लागले. भांडण त्याच रात्री मिटतं, हे मी तिशीपर्यंत पाहिलंच नव्हतं. आजही तो गप्प बसला की मी तीन-तीनदा विचारते, रागावलास का. तो बिचारा मॅच बघत असतो.

माझ्या मैत्रिणीचे आईवडील ती बारावीत असताना वेगळे झाले. धास्ती तिलाही आहे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी तिने आपली भाड्याची खोली सोडलेली नाही. पण ती नवऱ्याशी कडकडून भांडते आणि बोलून मोकळी होते. मला ते अजून जमत नाही.

पॉल अमाटो आणि ॲलन बूथ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९८० पासून सुमारे दोन हजार विवाहितांचा, आणि पुढे त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांचा माग ठेवला. कडाक्याची भांडणं असलेल्या घरातले आईवडील वेगळे झाले तेव्हा मुलं पुढे त्यामानाने बरी राहिली. फारशी भांडणं नसलेलं घर मोडलं तेव्हा मात्र ती जास्त खचली. घटस्फोटितांच्या मुलांचेही घटस्फोट जास्त होतात, हेही या अभ्यासात आहे. ते त्या पत्रलेखकांच्या बाजूचं आहे, म्हणून झाकून ठेवत नाही. पण न मोडलेल्या घरातली धुसफूससुद्धा मुलांच्या संसारात उतरते, हेही त्यांनाच दिसलं. तिकडचं इकडे किती लागू, हा प्रश्न आहेच. एका छताखाली २२ वर्षं अबोला चालवायला आपल्यासारखीच चिकाटी लागते.

पत्रलेखकांनी स्थळ जरूर पारखावं. फक्त घरी गेल्यावर एवढं बघावं, की मुलीचे किंवा मुलाचे आईवडील एकमेकांकडे बघून बोलतात का, की प्रत्येक वाक्य मुलाच्या मार्फत जातं.

परस्पर संमतीने वेगळं होण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून आहे. आई-बाबांचं लग्न १९८८ चं. मग वेगळे का झाला नाहीत, असं मी आईला एकदा विचारलं होतं. “तुझं लग्न व्हायचं होतं ना,” ती म्हणाली.

ते होऊनही आता दीड वर्ष झालं. काल व्हॉट्सॲपवर तिचा निरोप आला: “बाबांना सांग, बीपीच्या दोनच गोळ्या उरल्यात.” मी पुढे पाठवला. बाबांचं उत्तर आलं: “तिला सांग, आणल्यात.”

— एक वाचक, रामबाग, इंदूर
(कृपया नाव छापू नये.)