मिर्तोल्याचे आशीषदा

प्रिय मुक्ता,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, गुरू केला की डोकं गहाण पडतं." मी तिथे वाद घातला नाही, कारण उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. तुझा राग मला कळतो. गुरूच्या नावावर जे बाजार मांडले जातात ते पाहून कुणालाही यावा असाच तो आहे. पण ज्यांना मी मनोमन गुरू मानत आले, त्या श्रीमाधव आशीष यांच्याबद्दल आज तुला सविस्तर लिहिते. मी त्यांना पाहिलेलं नाही. 1997 मध्ये ते गेले. माझा सत्संग सगळा त्यांच्या लेखनाशी.

त्यांची गोष्ट त्यांच्या गुरूंपासूनच सुरू करावी लागते. रोनाल्ड निक्सन नावाचा इंग्रज तरुण, जन्म 1898 चा. पहिल्या महायुद्धात वैमानिक. एका उड्डाणात मरणाच्या दारातून परत आला आणि आपल्याला वाचवणारी शक्ती कोणती, हा प्रश्न घेऊनच केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकायला गेला. तिथे त्याला थिऑसॉफीची, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य शोधणाऱ्या विचाराची, गोडी लागली. 1921 मध्ये इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून तो लखनौला आला. तिथले कुलगुरू ज्ञानेंद्रनाथ चक्रवर्ती स्वतः थिऑसॉफिस्ट. 1893 च्या शिकागोच्या ज्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तिथे थिऑसॉफीच्या वतीने हेही बोलले होते. निक्सनना गुरू मात्र भेटली ती कुलगुरूंच्या पत्नीच्या रूपात. मोनिकादेवी म्हणजे घरी पाहुण्यांची वर्दळ, बंगल्यातला सगळा थाट सांभाळणारी बाई. पण आतून पूर्ण कृष्णाची. 1928 मध्ये त्यांनी वैराग्य घेतलं, त्या यशोदामाई झाल्या, आणि त्यांनीच निक्सनना दीक्षा दिली. निक्सन कृष्णप्रेम झाले. 1930 मध्ये हिमालयात अल्मोड्यापलीकडे, देवदार आणि बांजाच्या (ओकच्या) रानात, मिर्तोला इथे या दोघांनी 'उत्तर वृंदावन' आश्रम उभा केला.

इथे जरा थांब. केंब्रिजचा पदवीधर, काल-परवापर्यंत प्राध्यापक असलेला गोरा माणूस भगवी वस्त्रं नेसून अल्मोड्यात दारोदार भिक्षा मागतो आहे. राज्य इंग्रजांचं आहे. त्याचे देशबांधव त्याच गावात साहेब म्हणून वावरताहेत. हे चित्र मी कितीदा डोळ्यांसमोर आणलं असेल! डोकं गहाण टाकलेल्याला हे झेपत नाही, मुक्ता. यासाठी डोकं फार जागं लागतं.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. थिऑसॉफीचं ब्रीदवाक्य आहे 'सत्यान्नास्ति परो धर्मः'. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट यांनी 1875 मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी काढली ती हेच सांगत की कुठलाही एक धर्म सत्याचा मालक नाही. मग हे मानणाऱ्या माणसांनी इतका कर्मठ वैष्णव आचार का स्वीकारावा? ठाकुरजींची, म्हणजे कृष्णमूर्तीची, सेवा, ठरल्या वेळी आरती, स्वयंपाकाचं सोवळं, सगळं काटेकोर. मला याचं उत्तर असं दिसतं: सगळे धर्म मुळात एक आहेत हे नुसतं मान्य करायला काहीच किंमत मोजावी लागत नाही. चहा पिता पिता मान्य करता येतं. त्या मुळापर्यंत जायचं तर कुठल्या तरी एका वाटेवर स्वतःला पूर्ण झोकून द्यावं लागतं, आणि ती वाट तुमच्या अहंकाराला सोयीची नसेल तर जास्तच बरं. आणि ती शिस्त हाडीमाशी मुरल्यावर त्यांनी आचार सैलही केला. 1951 नंतर कृष्णप्रेमांनी आश्रमातलं कर्मकांड बरंच कमी केलं. ज्याने नियम जिवापाड पाळले त्यालाच ते सोडायचा अधिकार असतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आशीषदा आले ते 1946 मध्ये. मूळ नाव अलेक्झांडर फिप्स. युद्धकाळात विमानांच्या इंजिनांच्या कामासाठी भारतात आलेला स्कॉटिश इंजिनिअर. तोही संन्यासी झाला आणि 1965 मध्ये कृष्णप्रेम गेल्यावर आश्रमाची धुरा त्याच्याकडे आली. (बघ, एकेरीवर आले. त्या तरुणाबद्दल लिहिताना माझं असंच होतं.) दोघांनी मिळून सृष्टिरचना सांगणाऱ्या 'द्झ्यानच्या श्लोकां'वर भाष्य लिहिलं. हे श्लोक ब्लाव्हाट्स्कींनी 1888 च्या आपल्या मोठ्या ग्रंथात दिले. त्यांचं मूळ हस्तलिखित अभ्यासकांना आजवर मिळालेलं नाही, त्यावरून वाद पुष्कळ. या गुरुशिष्यांनी त्या वादात न शिरता प्रत्येक ओळ आपल्या आतल्या अनुभवाशी ताडून पाहिली. सोसायटीचं सभासदत्व, गटतट यांपेक्षा थिऑसॉफीशी त्यांचं नातं हे असं होतं. मला तेच खरं वाटतं.

आणि त्यांचा गोठा! हे तुला आवडेल, कारण तुझा पाणलोटाशी रोजचा संबंध. आश्रमाच्या उतारावर आशीषदांनी मोकाट चराई थांबवली. गुरं गोठ्यात, चारा कापून त्यांच्यापुढे, शेणखत पायऱ्यांच्या शेतात, आणि मोकळ्या सुटलेल्या उतारावर गवत आणि झाडं पुन्हा उभी. तू ज्याला चराईबंदी म्हणतेस तेच. डोंगराळ भागातल्या शेतीवर ते सरकारी समित्यांपुढे बोलत, लिहीत. 1992 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पहाटेची पूजा, मग शेत, मग आलेल्यांशी बोलणं. यातलं कुठलंही काम साधनेतून वगळलेलं नव्हतं. संन्यास म्हणजे कामातून सुटका, या समजुतीला मिर्तोल्यात जागाच नव्हती.

येणाऱ्याला ते स्वप्नं विचारत. तुझी स्वप्नं लिहून ठेव, त्यांत तू स्वतःपासून काय लपवतोयस ते पाहा, असा त्यांचा रोख. उत्तर शोधायचं ज्याचं त्यानेच. गुरू फक्त पळवाटा बंद करतो. मला लोक विचारतात, प्रत्यक्ष न भेटलेल्याला गुरू कसं म्हणतेस? तर यामुळे. त्यांचं पान वाचलं की मला माझ्या पळवाटा दिसायला लागतात आणि त्या दिवशी मी घरात वेगळी वागते. तुझ्या बाबांना विचार.

कृष्णप्रेमांचं गीतेवरचं पुस्तक कुरिअरने पाठवते आहे. सृष्टिरचनेवरचं जाड पुस्तक आत्ता नको, ते अवघड आहे. गीतेचं सलग वाचू नकोस, एका वेळी एकच अध्याय. समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, तुझ्या वेगळ्या कर. जिथे पटणार नाही तिथे मोठी फुली मार आणि का पटलं नाही ते मला लिही. फोनवर नको, कागदावर.

तुझी,
आई