हार्वर्डला रामराम ठोकलेला खेळाडू

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मिहिरने एक सेमिस्टर सोडून धावण्याचा सराव करायचं काढलंय, हे कळल्यापासून बाबांचा आवाज फोनवर चढलेलाच असतो. आईने तर एव्हाना गणपतीला नारळही बोलून ठेवला असेल. फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडणच होतं, म्हणून हे पत्र.

इथे दक्षिण बोस्टनच्या मोकली पार्कात जेम्स कॉनोलीचा पुतळा आहे. गडी याच भागातला. 1868 चा जन्म, आईवडील आयर्लंडहून आलेले, बारा भावंडं. शाळा अर्धवट राहिली, पोटासाठी नोकऱ्या झाल्या, आणि 1895 साली, बरोबरीची माणसं संसाराला लागलेली असताना, हा प्रवेश परीक्षा देऊन हार्वर्डमध्ये दाखल झाला. वर्ष पुरं व्हायच्या आत अथेन्सच्या ऑलिंपिकची बातमी आली. त्याने रजा मागितली. मार्क बेताचेच. गेलास तर परत घेऊच असं नाही, असं हार्वर्डने ऐकवलं, तेव्हा याने तिथल्या तिथे कॉलेजला रामराम ठोकला. निदान पुढे तो सांगायचा तसं. सांगता सांगता थोडा मीठमसाला पडला असणारच.

तेव्हा निवड समिती नाही, सरकारी खर्च नाही. ज्याला परवडेल त्याने जावं. प्रिन्स्टनच्या रॉबर्ट गॅरेटने घरच्या पैशाने आपल्या मित्रांनाही नेलं. या गॅरेटने थाळीफेकीतली थाळी म्हणून कधी पाहिलेली नव्हती. जुन्या वर्णनांवरून लोहाराकडून एक घडवून घेतली, तर ती इतकी जड झाली की फेकणं मुश्कील. अथेन्सला खरी थाळी हातात आली ती सुमारे 2 किलोची, एकदम हलकी! तिथेच थोडा सराव केला आणि 29.15 मीटर फेकून ग्रीकांना त्यांच्याच खेळात हरवलं. बाबा, हा किस्सा तुमच्या कट्ट्यावर नक्की चालेल.

कॉनोली बोटीने नेपल्सपर्यंत आणि तिथून पुढे अथेन्सला पोचला. 6 एप्रिल 1896 ला तिहेरी उडीत 13.71 मीटर. दुसरा आला तो मीटरभर मागे. आधुनिक ऑलिंपिकचा हा पहिला विजेता. पदक मात्र चांदीचं, कारण त्या वेळी पहिल्याला चांदीचंच देत.

पण मला मिहिरला सांगावासा वाटला तो एलरी क्लार्क. हाही हार्वर्डचाच, त्याच वसंतात त्यानेही रजा मागितली. अभ्यासात चांगला होता, शेवटच्या वर्षाला होता, त्याला रजा मिळाली. उंच उडी आणि लांब उडी दोन्ही जिंकून आला आणि पदवीही घेतली. पुतळा कॉनोलीचा, हे मला जरा खटकतं.

बाबा, टिळकांचं तुम्हीच आम्हाला सांगायचात ना? डेक्कन कॉलेजात पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालीम केली, तब्येत कमावली. 'याला म्हणतात निश्चय,' म्हणून टेबलावर हात आपटायचात. मग नातवाने तेच म्हटलं तर लगेच 'खेळून पोट भरतं का'?

आमचं इथे ठरलंय ते असं. या सेमिस्टरचे सगळे पेपर नीट काढायचे, मग रीतसर अर्ज करून रजा मागायची, आणि परत कधी रुजू होणार ते डीनकडून लेखी घ्यायचं. ते नाही मिळालं तर सराव पहाटेचा, कॉलेज सांभाळून. मिहिरने तोंड वाकडं केलं, पण कबूल झालाय.

रविवारी तो स्वतः फोन करेल. बाबा, त्याला आधी बोलू द्या. आई, तू त्याला खाण्यापिण्याचं विचार, ते तो तुझंच ऐकतो. बीपीच्या गोळ्या महिनाअखेर संपतील ना, शेजारच्या सुनेला आजच सांगून ठेव.

तुमची,
मीनू