कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आण्णांना, आमच्या अल्बमबद्दल

आण्णा, नमस्कार.

अल्बम पूर्ण झाला. मास्टरिंग होऊन शेवटच्या फायली काल रात्री हातात आल्या. पहिला फोन तुम्हालाच करायचा होता, पण फोनवर तुम्ही "बरं झालं, बरं झालं" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितोय. सगळं बोलून होईपर्यंत ऐकून घ्या.

ज्यांनी आम्हाला ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: ड्रम, बास, गिटार आणि त्यांच्या बरोबरीनं हलगी, घुमकं, कैताळ, असा आमचा बँड आहे. खासबागेत कुस्ती रंगली आणि हलगी कडाडली की अंगावर काटा येतो, तो काटा आम्हाला रेकॉर्डिंगमध्ये हवा होता.

त्यासाठी आधी आम्ही मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओत गेलो होतो. अॅडव्हान्स घेतला, तारखा दिल्या, तारखा फिरवल्या. शेवटी आत घेतलं तेव्हा तिथल्या रेकॉर्डिस्टनं हलगीचे दोन ठोके ऐकले आणि म्हणाला, "ह्याचं सॅम्पल मिळतं, नंतर लावून टाकू." आमचा हलगीवाला समोर उभा होता. त्याच्या आज्यापासून घरात हलगी आहे. त्यानं काही न बोलता हलगी पिशवीत घातली. हलगीचा ठोका एकदम उसळतो, मीटर लाल होतो, हे कबूल. पण माइक थोडा मागे घ्यावा, गेन उतरवावा, एवढंच तर करायचं असतं. तेवढंही त्यांना करावंसं वाटलं नाही. नंतर एक गाणं छान जमून येत होतं, तर तेच गृहस्थ फोनवर बोलत बोलत दार उघडून आत आले. टेक गेला. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. अॅडव्हान्स अजून परत आलेला नाही, आणि खरं सांगतो, पैशांपेक्षा ते दार जास्त लागलं.

गावातही जागेसाठी खूप दारं वाजवली. "बघू की", "कळवतो", "हलगी म्हणजे लोक तक्रार करतात ओ". कलानगरी म्हणून ऊर भरून बोलणाऱ्यांपैकी कुणी परत फोनही केला नाही.

तुमच्याकडे आलो तो हलगीवाल्याच्या भावाच्या ओळखीनं, तो तुमच्याकडे लेथवर आहे. तुम्ही आमचं गाणं ऐकवा म्हणाला नाहीत, किती लोक ऐकतात हे विचारलं नाहीत. हात पुसलेत, खिशातून किल्ली काढलीत आणि म्हणालात, "मशिनी सातला बंद हुत्यात. मग माळा तुमचाच. वाजवा की."

त्या माळ्याबद्दल लिहायला बसलो तर पत्र संपायचं नाही. कास्टिंगचे लाकडी पॅटर्न, म्हणजे साचे करायचे नमुने, भिंतभर रचलेले. पंपाच्या बॉड्या, पुल्या, इंजिनाचे भाग, कुठल्या तरी जुन्या उसाच्या चरकाची चाकं. कुठलाच आकार दुसऱ्यासारखा नाही. सपाट भिंतीवर आवाज आपटतो आणि तसाच परत येतो, तुमच्या पॅटर्नवर तो सगळीकडं विखुरला जायचा. स्टुडिओवाले यासाठी मुद्दाम उंचसखल लाकडी पॅनेल बनवून घेतात. आम्हाला ते तुमच्या चाळीस वर्षांच्या कामातून आयतं मिळालं. हलगी तिथं पहिल्यांदा वाजली तेव्हा कडाडली, पण कानाला टोचली नाही. हलगीवाला हसला. स्टुडिओच्या त्या दिवसानंतर तो पहिल्यांदा हसला होता.

गिटारच्या अँपमध्ये घूं घूं येत होती, ती तुम्ही मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग करून घालवलीत. त्याचे पैसे किती झाले तेही कळू दिलं नाहीत.

पण मला लिहायचंय ते चहाबद्दल.

पावसाची रात्र होती. ओल्या हवेत हलगीचं कातडं सैल पडत होतं, खाली पुठ्ठे पेटवून त्यावर तापवायची, पळत वर आणायची, ठोका उतरायच्या आत वाजवायची. एक लांब गाणं मनासारखं येत नव्हतं. मग अचानक आलं. सगळे एकत्र आले, कुणी कुणाकडं बघतही नव्हतं. गाणं संपलं, शेवटचा कैताळ विरेपर्यंत आम्ही श्वास धरला आणि मी दार उघडलं. तुम्ही बाहेर उभे होता. एका हातात किटली, दुसऱ्या हाताच्या बोटांत ग्लास अडकवलेले, आणि ग्लासांच्या मध्ये कागद कोंबलेला, वाजू नयेत म्हणून. पाय उघडे. तुमची ती कापशी चप्पल, जिची करकर शेडच्या त्या टोकाला ऐकू येते, ती खाली जिन्यापाशी काढून ठेवली होती. पावसानं भिजलेल्या लोखंडी जिन्यावरून तुम्ही अनवाणी वर आला होता आणि अख्खं गाणं संपेपर्यंत तसेच उभे राहिला होता.

मी म्हटलं, "आण्णा, हाक मारायची की." तुम्ही म्हणालात, "टूल जॉबला लागलंय तवर टर्नरला हाक मारायची न्हाई. हात हलला की जॉब गेला." मग किटलीला हात लावून बघितलात, "गार झाला, थांबा," म्हणालात आणि चहा गरम करायला परत खाली गेलात.

आण्णा, आम्ही इतकी वर्षं वाजवतोय. घरच्यांनी "छंद आहे" म्हटलं, संयोजकांनी "पोरांना स्टेज देतोय" म्हटलं. लेथवरच्या माणसाच्या कामाला असतो तो मान आमच्या वाजवण्याला पहिल्यांदा तुम्ही दिलात, आणि तोही चप्पल काढून. तो टेक अल्बममध्ये जसाच्या तसा ठेवलाय. मिक्सिंग करणाऱ्या मित्रानं दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली होती, आम्ही एकमतानं नको म्हणालो.

शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवलं, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं, हे आपल्याकडं प्रत्येक भाषणात येतं आणि यावंच. तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा या गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. त्या माणसांत तुम्हीही होता, हे मला तुमच्या मुलाकडून कळलं. राजाश्रय गेला म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. पण कोल्हापूर अजून कोल्हापूर राहिलंय ते किल्ली काढून देणाऱ्या आणि त्याबद्दल पुन्हा एक शब्द न काढणाऱ्या माणसांमुळं. अशी माणसं प्रत्येक पेठेत एक-दोन तरी असतात आणि त्यांच्या नावाचे फलक कुठंच लागत नाहीत.

अल्बमवर नाव घालायला तुम्ही नको म्हणालात, ते आम्ही मान्य केलं. भाडं घेतलं नाहीत, तेही मान्य केलं. पण त्याच पावसात माळ्याचा पत्रा गळायला लागला तेव्हा घरात ताडपत्री एकच होती, आणि ती तुम्ही तुमच्या पॅटर्नवर न टाकता आमच्या अँपवर टाकलीत. तीन पॅटर्न फुगून वाया गेले. हे आम्हाला तुमच्या कामगारांनी सांगितलं. त्यामुळं आता आमचं एक ऐका. पहिल्या कार्यक्रमाचे पैसे आले की माळ्यावरचे पत्रे आम्ही बदलून देणार, पावसाळ्याच्या आत. माप घेऊन झालंय, फिटरही ठरलाय. नाही म्हणू नका.

तुमचीच,
माळ्यावरची पोरं