काका, तुम्ही तो मोडका ल्युअर दुरुस्त करून दिला नाहीत म्हणून

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. चष्मा सापडणार नाही, मग नातीला हाक माराल, "वाच गं, काय लिहिलंय त्याने." तिला मी आधीच सांगून ठेवलंय, मधलं काही गाळायचं नाही. आणि हे सगळ्यांच्या देखत लिहितोय तेही मुद्दामच. रेवदंड्याच्या खाडीवर रविवारी पहाटे मासे गरवायला रॉड घेऊन उभी राहणारी आम्ही जी दहा-पंधरा माणसं आहोत, त्यातली निम्मी मला विचारतात की तुझे ल्युअर, म्हणजे आमिष म्हणून लावायचे ते खोटे मासे, इतके कसे टिकतात. प्रत्येकाला तीच गोष्ट पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेली बरी.

गेल्या वर्षी गणपतीनंतर मी तुमच्या शेडमध्ये पहिल्यांदा आलो, तेव्हा तुम्ही एका फायबरच्या होडीच्या तळाला मॅट, म्हणजे काचतंतूंचं कापड, रेझिनने चढवत होतात. त्या चिकट रेझिनच्या वासाने माझं डोकं भणभणलं होतं. माझ्या हातात होता एक मोडका मिनो, छोट्या माशाच्या आकाराचा ल्युअर. हिरवी पाठ, चंदेरी पोट, किंमत साडेसहाशे रुपये. तांबोशीने तो खडकात खेचून नेला होता. मासा तर सुटलाच, आणि ओढून काढलेल्या ल्युअरचा पुढचा ओठ (तोंडाखालची ती प्लास्टिकची पट्टी, जिच्यामुळे तो पाण्यात डुलतो आणि खोल जातो) मुळातून तुटलेला, पोटाला चीर. आपल्याकडे फायबरचं काम करणारा माणूस आहे, तो दोन मिनिटांत चिकटवून देईल, एवढाच माझा हिशेब होता. पैसेही काढून ठेवले होते.

तुम्ही हात पुसले, ल्युअर कानाशी धरून हलवलात आणि म्हणालात, "आत पाणी आहे. घरी जा, कोमट पाण्यात बुडव, बुडबुडे कुठून येतात ते बघ. मग ये." आणि परत होडीकडे वळलात.

खरं सांगू? मला राग आला होता. परत जाताना वाटेत तुमच्याबद्दल जे काही मनात आलं ते इथे लिहीत नाही, नातीला वाचायचंय.

पण रात्री बुडवला. कोमट पाण्याने आतली हवा फुगली आणि बुडबुडे आले, पण पोटाच्या चिरेतून नाही! ते आले मागच्या हुकाच्या कडीपाशी असलेल्या भेगेतून. ती भेग मला दिसलीच नव्हती. पोटावरची चीर म्हणजे नुसता रंगावरचा ओरखडा होता. माझ्या हिशेबाप्रमाणे मी त्याच दिवशी तुमच्याकडून चिकटवून घेतला असता, तर आपण दोघांनी मिळून चुकीची जागा बुजवली असती.

त्यानंतरचे चार-पाच रविवार मी तुमच्या शेडमध्ये काढले. तुम्ही माझ्या एकाही ल्युअरला हात लावला नाहीत. बाकड्यावर बसून चहा प्यायचात आणि मी काही चुकलो की फक्त "हं" म्हणायचात. त्या "हं"चे चार प्रकार मला आता ओळखता येतात.

पहिली मोठी चूक रेझिनची. होडीच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये तुम्ही थंडीत हार्डनर, म्हणजे घट्ट करणारं द्रव्य, थोडा वाढवता, हे मी पाहिलं होतं. म्हणून मीही अरल्डाइटच्या दुसऱ्या नळीतलं जरा जास्त घातलं, म्हटलं लवकर सुकेल. दुसऱ्या दिवशीही ते चिंगमसारखं लिबलिबीत. तेव्हा तुम्ही समजावलंत की पॉलिस्टरमधलं ते द्रव्य फक्त सुरुवात करून देतं, त्यामुळे त्याचं प्रमाण थोडं मागेपुढे चालतं. इपॉक्सीत, म्हणजे अरल्डाइटसारख्या दोन नळ्यांच्या गोंदात, मात्र दोन्ही भाग एकमेकांशी जोडले जाऊनच घट्ट होतात. एक जास्त झाला की उरलेला तसाच चिकट राहणार. नळ्यांतून सारख्या लांबीच्या दोन रेघा काढायच्या आणि मिनिटभर घोटायचं, एवढंच. ही गोष्ट पाकिटावर छापलेली असते. वाचतो कोण?

सुपर ग्लू मात्र तुम्ही शेडमध्ये येऊच दिला नाहीत. कडक होतो, पण लवत नाही. ल्युअर दगडावर आपटला की सांधा काचेसारखा तडकतो. हे मला पटायला एक पॉपर (पाण्यावर उडणारा ल्युअर) गमवावा लागला.

मग ओठाचं प्रकरण. ते आठवलं की अजून हसू येतं. ओठाला पातळ, पारदर्शक आणि चिवट प्लास्टिक हवं, म्हणजे पॉलिकार्बोनेट. मी शहरातून शीट मागवायच्या तयारीत होतो. तुम्ही म्हणालात, "घरात जुन्या सीड्या नाहीत काय?" सीडी पॉलिकार्बोनेटचीच असते आणि जाडी 1.2 मिलिमीटर, छोट्या मिनोला अगदी मापात. डीव्हीडी नको, कारण ती दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते आणि कापताना सुटते. तुमच्या कपाटातून मी आरत्यांची सीडी उचलली तर तुम्ही ओरडलात, "ती नको, देवाची आहे. ती लग्नाची घे." आतून काकूंचा आवाज आला, "कुणाच्या लग्नाची?" त्यानंतर बराच वेळ शेडमध्ये कोणी काही बोललं नाही.

ती सीडी (कुणाच्या तरी पुतण्याच्या लग्नाची निघाली, देव पावला) आधी गरम पाण्यात धरली, कारण थंड सीडी कात्रीखाली फुटते. चंदेरी थर चिकटपट्टीने ओढून काढला, जुन्या तुटक्या ओठाचा कागदावर ठसा घेऊन तसाच आकार कापला. जास्तीचा डिंक पुसायला मी ॲसिटोन घेतलं आणि सबंध ओठ पांढुरका, भेगाळ झाला. ॲसिटोन पॉलिकार्बोनेटला खातं. तेव्हाचा "हं" सगळ्यात लांब होता. दुसरा ओठ कापावा लागला.

ओठाचा कोन लावताना तुम्ही पहिल्यांदाच स्वतःहून बोललात. ओठ अंगाच्या रेषेत जितका सरळ, तितका ल्युअर खोल जातो. जितका खाली वळलेला, तितका तो वरच्यावर जास्त डुलतो. तुम्ही आयुष्यात कधी ल्युअर टाकलेला नाही, कोळंबी लावून गरवणारा माणूस. पण होडीच्या सुकाणूवरून तुम्हाला ते कळत होतं. पुढे माझा मिनो उजवीकडे पळायला लागला तेव्हाही तुम्हीच सांगितलंत, दोरी बांधायची कडी पक्कडीने किंचित डावीकडे वाकव. किंचित म्हणजे खरोखर किंचित. मी दोनदा जास्त वाकवली.

हुक बदलतानाची गंमतही तुमच्यामुळेच उलगडली. गंजलेले ट्रेबल (तीन काट्यांचे) हुक काढून मी जरा जाड तारेचे लावले आणि घरच्या बादलीत तरंगणारा ल्युअर बुडाला. मी हिरमुसून तुमच्याकडे आलो. तुम्ही विचारलंत, "बादलीत पाणी कसलं?" नळाचं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा लिटरमागे साधारण पंचवीस ग्रॅम जड. खाडीचं पाणी भरून आणलं तर तोच ल्युअर आरामात तरंगला. पण पावसाळ्याच्या शेवटी कुंडलिका नदीतून गोडं पाणी खाली उतरतं, त्या दिवसांत मी अजूनही हलके हुकच लावतो.

आणि तो शेवटचा हात, वरून पारदर्शक इपॉक्सीचा. ते ओघळून पोटाखाली थेंब साचू नये म्हणून ल्युअर फिरवत ठेवावा लागतो. मी जुन्या ओव्हनच्या थाळीची मोटर काढून यंत्र बनवायचा बेत मांडला. तुम्ही ल्युअर कपड्यांच्या चिमट्यात अडकवून माझ्या हातात दिलात. "बस फिरवत." पाऊण तास बसलो. बाहेर भरती चढत होती, तुमच्या होड्यांचे दोर ताणले जात होते, आणि मी एक चिमटा फिरवत होतो. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, घरी भाजी परतायला पाच मिनिटं उभा राहत नाहीस.

यंदा जुलैत मी एकट्याने काम केलं. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट, तेलकट थर आला. घाबरलो नाही. साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, पुन्हा हात दिला. तुम्ही तिथे नव्हतात आणि मला तुमचा "हं" ऐकू आला नाही, म्हणजे बरोबर चाललं होतं.

काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाचेसुद्धा. त्याबद्दल आभार आहेतच. पण त्याहून जास्त आभार या गोष्टीचे, की पहिल्या दिवशी दोन मिनिटांत होणारं काम तुम्ही केलं नाहीत आणि मला घरी पाठवलंत. तुमच्या दोन मिनिटांऐवजी पाच रविवार गेले. तेही तुमचेच.

आता वाईट बातमी. तो हिरव्या पाठीचा मिनो, लग्नाच्या सीडीच्या ओठाचा, परवाच्या उधाणात गेला. पुलाच्या खांबावर जिथे कालवं चिकटलेली असतात तिथे अडकला आणि दोरी कापली गेली. शेपटीपाशी आपण बुजवलेली भेग वर्षभरात एकदाही गळली नव्हती. ओहोटीला खाली उतरून बघितलं, दिसला नाही.

नारळी पौर्णिमेला घरी येतोय. काकूंना सांगा, नारळाच्या वड्या मी आणतो, त्यांनी करू नयेत.

तुमचा,
मोडका ल्युअर घेऊन आलेला तो मुलगा

ता. क. तुमचा बारीक कानस माझ्याकडे राहिलाय. आणि ती अर्धी सीडीही. तिच्यातून अजून तीन ओठ निघतील असं दिसतं.